फुकट द्यायचं म्हटलं तरी

आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांची नजर दोन वर्षांत गेली. आधी बाजूचं दिसेना, मग संध्याकाळचं दिसेना, शेवटी फळ्यावर स्वतः लिहिलेली ओळ त्यांना सापडेना. डोळ्यांच्या आतला पडदा सुकत चालला होता आणि त्यावर औषध नव्हतं. शाळा मालवण-कुडाळ रस्त्यावरच्या एका गावात आहे. मी तिथे गणित शिकवते. आठवीत मीही ह्याच सरांकडे इतिहास शिकले होते. त्यामुळे स्टाफरूममध्ये सगळे मला 'बाई' म्हणत आणि सर एकटे 'गो' म्हणत.

एकदा मुख्याध्यापक मला, तेही सरांच्या समोरच, म्हणाले, "सरांनी आता घरी आराम करावा. परिपत्रकं वाचता येत नाहीत, पेपर काढता येत नाहीत. सगळं दुसऱ्यांनी किती दिवस करायचं?"

सर बाजूच्याच खुर्चीत बसले होते. नजर गेली की माणसाला ऐकूही येत नाही असं लोक धरून चालतात. मी पुढचा तास नववीच्या मुलांवर विनाकारण ओरडत काढला.

सरांनी घरी बसायचं नाही असं ठरवलं होतं. त्यांच्या भाचीने त्यांच्या लॅपटॉपवर स्क्रीन रीडर टाकून दिला. हा प्रोग्राम पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. जगभरातल्या स्वयंसेवकांनी मिळून तो बनवला आहे, त्यातले बरेच स्वतः अंध आहेत. कुणीही तो फुकट घ्यावा, आतून उघडून बघावा, हवं ते जोडावं. सरांना बातम्या ऐकू यायला लागल्या, मेल ऐकू यायला लागले. मराठीही तो बरी वाचायचा.

मग सरांनी स्वतःच्या नोट्स उघडल्या. वीस वर्षं त्यांनी हौसेने टाईप केलेल्या, धड्यागणिक. मला त्यांनी संगणकाच्या खोलीत बोलावून घेतलं.

"गो, ह्यां काय बोलता तां आयक."

यंत्र बोलत होतं, "कॅपिटल एल, सेमीकोलन, के, कंस सुरू, आर, बॅकस्लॅश." थांबायचं आणि पुन्हा तेच.

"माझो सिंधुदुर्ग किल्लो खंय गेलो?" सरांनी विचारलं.

मी पडद्यावर बघितलं. तिथे स्वच्छ मराठीत किल्ल्याच्या तटबंदीची माहिती होती. डोळ्यांना मराठी, पण खाली नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. जुन्या मराठी फॉन्टांची ही करामत आहे. त्यात 'क' हा 'क' नसतोच, इंग्रजी अक्षराला 'क'चा मुखवटा घातलेला असतो. दिसणाऱ्याला फरक पडत नाही. ऐकणाऱ्यासमोर मुखवटा नसतो, फक्त खालचा कचरा असतो. आणि आमच्याकडे येणारी निम्मी परिपत्रकं, जुन्या प्रश्नपत्रिका, नमुने, सगळं त्याच फॉन्टांत. मुख्याध्यापकांना जे सरांचं अपंगत्व वाटत होतं, त्यातला मोठा वाटा खरं तर कुणाच्या तरी आळसाचा होता. नवे फॉन्ट येऊन इतकी वर्षं झाली, पण बदल कोण करणार?

मी बी.एस्सी. गणिताची. प्रोग्रामिंग व्हिडिओ बघून शिकले होते, ते मुलांना दोन गमती दाखवण्यापुरतं. त्या स्क्रीन रीडरला बाहेरून छोटे तुकडे जोडता येतात, त्यांना ॲड-ऑन म्हणतात. मूळ प्रोग्रामला हात न लावता त्याला एखादी नवी गोष्ट शिकवायची. मी म्हटलं, आपण त्याला जुना फॉन्ट शिकवू. मुखवटा बघ आणि त्याप्रमाणे वाच.

त्यासाठी कुठल्या बटणाखाली कुठलं अक्षर आहे त्याचा तक्ता हवा होता. तो कुठे धड मिळेना. पण सरांच्या बोटांत तो होता. रविवारी दुपारी मी सरांच्या घरी जायची. मी अक्षर सांगायची आणि ते न बघता बटण दाबायचे.

"सर, 'ळ'?"

"शिफ्ट धर... थांब, सांगूक येवचा नाय. करून दाखवतंय."

बोटं आपोआप जायची. जोडाक्षरांना ते जरा अडायचे, मग पूर्ण शब्द टाईप करायचे आणि त्यातून मी जोडाक्षर काढायची. 'क्ष'साठी 'शिक्षक', 'ज्ञ'साठी 'आज्ञा'. ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप केलेली असते, रफार नंतर. त्या दोघांना जागेवर आणण्यात माझे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी यंत्राने वाचलं, "सिंधुदुर्ग किल्ला कुरटे बेटावर बांधलेला आहे." सर पुढची दोन पानं ऐकत बसले. मग बायकोला हाक मारून म्हणाले, "आयकलंस? ह्यां मी लिवलेला आसा."

तोंडातोंडी बातमी पसरली. फोंडाघाटच्या एका बाईंचा फोन आला. त्या जन्मापासून अंध, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या. त्यांच्या क्लासच्या सगळ्या नोट्स त्याच फॉन्टात होत्या. त्यांना मी फाईल पाठवली, त्यांनी पुढे चार जणांना पाठवली. मग मूळ प्रोग्रामची नवी आवृत्ती आली आणि आमचा ॲड-ऑन सगळ्यांकडे एकाच दिवशी बंद पडला. प्रत्येकाला नवी फाईल पाठवा, फोनवर कशी टाकायची ते सांगा. फोंडाघाटच्या बाईच म्हणाल्या, "मॅडम, सगळे ॲड-ऑन एकत्र ठेवलेले असतात त्या त्यांच्या अधिकृत भांडारात हा का टाकत नाही? तिथे असला की आपोआप नवा होतो."

इथवर मी आनंदात होते. माझा राग इथून सुरू झाला.

चतुर्थीची सुट्टी संपता संपता आम्ही बसलो. पाठवणार सर, कारण तक्ता त्यांचा. भांडार ज्या वेबसाईटवर होतं तिथे आधी खातं उघडायचं होतं. सरांनी नाव भरलं, मेल भरला, आणि यंत्र गप्प झालं.

"आता काय?" सर म्हणाले.

मी वाकून बघितलं. पडद्यावर नऊ चित्रं होती. 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा, झेब्रा क्रॉसिंग असलेली चित्रं निवडा.' अंधांच्या प्रोग्रामला हातभार लावायला आलेल्या अंध माणसाला दारातच चित्रं ओळखायला सांगितली होती. चित्रांऐवजी आवाज ऐकायची सोय होती. ती लावली. कुणीतरी खरखरीत, एकमेकांवर चढलेल्या आवाजात इंग्रजी आकडे बोललं. सरांनी तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा यंत्राने सांगितलं की तुमच्याकडून संशयास्पद हालचाल होते आहे, थोड्या वेळाने या.

सरांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "तूच माणूस हो माझ्या वतीन," ते म्हणाले. हसत म्हणाले, पण मला तो विनोद वाटला नाही. मी झेब्रा क्रॉसिंगं निवडली. आमच्या अख्ख्या गावात एक झेब्रा क्रॉसिंग नाही.

पुढच्या सूचना सात वेगवेगळ्या पानांवर होत्या. तिसरं पान म्हणायचं नमुना फाईल इथून घ्या. तिथे गेलं की पान अस्तित्वात नाही. पाचव्या पानावर लिहिलं होतं की तिसरं पान जुनं झालं आहे. मी देवबागला राहते. एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र, आणि मध्ये आमचं घर, ज्याच्या चार खोल्या सासूबाई पर्यटकांना देतात. इंटरनेट पाहुण्यांसाठी घेतलेलं. सीझनला चार खोल्यांत आठ मोबाईल पिक्चर बघत असायचे आणि मी अंगणात लॅपटॉप घेऊन एक फाईल वर चढायची वाट बघत असायची. सासूबाई म्हणायच्या, "कोणाचा गो ह्यां काम? पैशे देतत काय ते?" मी म्हणायची, नाही. त्या म्हणायच्या, "मगे इतक्यो विनवण्यो कित्याक?"

फाईल पाठवली की एक स्वयंचलित तपासनीस ती तपासायचा. पहिल्यांदा म्हणाला, चूक आहे. कुठली, ते सांगितलं नाही. दोन दिवस डोकं फोडल्यावर कळलं की ॲड-ऑनचं नाव देवनागरीत चालत नाही. मराठी वाचता यावं म्हणून केलेल्या वस्तूचं नाव मराठीत ठेवायचं नाही. बदललं. दुसऱ्यांदा म्हणाला, आवृत्तीचा आकडा दोन भागांत आहे, तीन हवेत. हे पहिल्यांदाच का सांगितलं नाही? तिसऱ्यांदा, इंग्रजी वर्णन लांब आहे. एकेक चूक एकेक दिवसाने. सरकारी कचेरीत आज हा कागद नाही, उद्या तो कागद नाही असं म्हणून फिरवतात ना, तसंच. फरक इतकाच की तिथे आपण काहीतरी मागायला गेलेले असतो. इथे आम्ही द्यायला गेलो होतो.

मग माणसाकडे पोचलो. तपासणाऱ्या स्वयंसेवकाने एकच वाक्य लिहिलं होतं की फाईलमध्ये तुम्ही वेळोवेळी केलेल्या बदलांच्या नोंदी एकत्र करून एक करा. कशा, ते नाही. मी शोधून तसं करायला गेले आणि दोन रविवारचं काम पुसून बसले. सरांच्या लॅपटॉपवरची आणि लोकांना पाठवलेली प्रत जोडाक्षरं सुधारायच्या आधीची होती. जोडाक्षरांचा भाग पुन्हा करावा लागला. सरांनी पुन्हा 'शिक्षक' आणि 'आज्ञा' टाईप केलं, एकदाही कुरकुर न करता. मला रडू येत होतं आणि त्यांना ते दिसत नाही म्हणून मी ते आवरलंही नाही.

पुन्हा पाठवल्यावर दुसऱ्या कुणीतरी विचारलं, 'ह्याचा उपयोग कुणाला? लोकांनी आपली जुनी कागदपत्रं नव्या फॉन्टात बदलून घ्यावीत.'

ते वाक्य मी सरांना मराठीत करून सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे मुख्याध्यापकच तो," ते म्हणाले. "खंय तरी परदेशात बसलेलो."

मी उत्तर लिहिलं. लोकांनी बदलावीत हे खरं, पण लोक बदलत नाहीत आणि परीक्षा थांबत नाही. त्यावर काही आलं नाही. दहावीची परीक्षा लागली, पर्यवेक्षण, मग पेपर तपासणी. शिमग्याच्या आसपास मेल उघडला तर स्वयंचलित संदेश होता. बरेच दिवस हालचाल नसल्यामुळे हा प्रस्ताव बंद करण्यात येत आहे, आपल्या योगदानाबद्दल आभार.

हालचाल नव्हती ती त्यांच्याकडून. प्रश्नाचं उत्तर मी दिलं होतं, गप्प ते होते, आणि दार आमच्यावर बंद केलं होतं. वर आभार.

मी तशीच सरांच्या घरी गेले. त्यांना संदेश वाचून दाखवला. सर झोपाळ्यावर होते, पाय टेकवून त्यांनी झोपाळा थांबवला.

"लिही," ते म्हणाले. "आमी काम फुकट देतंव, तुमी तां घेवक तरी शिका."

ते मालवणीत बोलत गेले, मी माझ्या मोडक्या इंग्रजीत लिहीत गेले. चित्रं, मेलेली पानं, एकेका दिवसाने सांगितलेल्या चुका, 'उपयोग कुणाला', सगळं. शेवटी सरांनी सांगितलं, लिही की मी इतिहास शिकवतो, वेशी बांधणारे लोक मला चांगले ठाऊक आहेत. मी ते पत्र त्यांच्या सार्वजनिक चर्चेच्या पानावर टाकलं, जिथे कुणीही वाचू शकतं.

पहिली उत्तरं अपेक्षेप्रमाणे आली. इथे सगळे स्वयंसेवक आहेत, सौम्य भाषा वापरा. एकाने मला शिष्टाचाराचं पान वाचायला दिलं. आठवं पान! तीन दिवसांनी एका बाईंचं उत्तर आलं. त्या स्वतः अंध होत्या, दूरच्या थंड देशात राहणाऱ्या, भांडार सांभाळणाऱ्या तिघांतल्या एक. त्यांनी माफी मागितली नाही. त्यांनी लिहिलं की मी दिवसभर नोकरी करते आणि उरलेल्या वेळात हे बघते, ढीग संपत नाही. मी त्या दारातून इतक्या वर्षांपूर्वी आत आले की ते किती उंच आहे ते मला आता आठवत नाही. तुम्ही जिथे जिथे अडखळलात ती प्रत्येक जागा लिहून द्याल का?

सर भडकले. "बघ! आता अडचणींची यादी पण आमीच करूची!"

मीही भडकले होते. तरी यादी केली. रागावलेल्या माणसाला सगळं नीट आठवतं, तेवढा रागाचा फायदा. एका रविवारी त्या बाईंनी आम्हा दोघांना संगणकावरून बोलायला बोलावलं. आमचं इंटरनेट दोनदा तुटलं, त्यांचे उच्चार आम्हाला कळेनात, आमचे त्यांना. तरी त्या सलग ऐकत राहिल्या. सरांनी चित्रांबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग त्या म्हणाल्या की त्यांनाही ते चित्रांचं कोडं कधी सुटलं नव्हतं, त्यांच्या बहिणीने सोडवलं होतं. आणि नंतर त्या विसरून गेल्या होत्या.

"इसारलंस?" सर मराठी-इंग्रजी काही न बघता थेट त्यांच्यावर ओरडले. "ह्यां इसारता कसा?"

त्यांना शब्द कळले नसतील, सूर कळला. त्या "येस" म्हणाल्या, आणि पुन्हा एकदा "येस".

पावसाळा सरेपर्यंत बऱ्याच गोष्टी बदलल्या. सात पानांचं एक झालं. खातं न उघडता साध्या मेलवरून ॲड-ऑन पाठवता यायला लागला. तपासनीस सगळ्या चुका एकदम सांगायला लागला, आणि कशा दुरुस्त करायच्या तेही. आपोआप बंद करणारा संदेश काढून टाकला. देवनागरी नाव मात्र अजून चालत नाही, त्यावर माझं भांडण सुरूच आहे. आमचा ॲड-ऑन भांडारात लागला. सूचनांचं ते एक पान मी मराठीत आणलं आणि सरांनी प्रत्येक वाक्य कानाने तपासलं. 'ह्यां आयकूक जड जाता, मोड' असं म्हणाले की वाक्य मोडायचं.

मग त्या बाईंनी मला विचारलं की आपल्याकडच्या भाषांचे ॲड-ऑन येतील ते तपासायला मी मदत करेन का. मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं, आता दारात आपण उभे आहोत, आता कुणाला त्रास होणार नाही.

इथून पुढचं लिहायला मला आवडत नाही.

जानेवारीत कारवारकडच्या एका माणसाने ॲड-ऑन पाठवला. कोंकणीतले आकडे आणि वार नीट वाचणारा. त्याची इंग्रजी माझ्यापेक्षा मोडकी होती. फाईल चुकीच्या जागी, माहिती अर्धवट. त्याच आठवड्यात शाळेत स्नेहसंमेलन होतं, घरी चारही खोल्या भरलेल्या, सासूबाईंनी कंबरदुखीने अंथरूण धरलेलं. मी फोनवरच फाईल उघडली, दोन मिनिटं बघितली आणि लिहिलं, 'कृपया सूचना वाचा.' पाठवून दिलं. भाजी फोडणीला टाकायची होती.

महिन्याभराने सरांनी सहज विचारलं, "तेका काय झाला गो, कारवारवाल्याचा?"

"परत पाठवला नाही त्याने."

"काय लिवलंस तू तेका?"

मी उत्तर टाळलं. ते म्हणाले, "वाच." मी फोन काढला आणि ते तीन शब्द वाचले. वाचून दाखवायला एक सेकंद लागला.

"मगे आता रागावतलंस कोणार?" त्यांनी विचारलं.

मी कारणं सांगायला लागले. संमेलन, खोल्या, सासूबाई. मधेच मला ऐकू आलं की मी काय बोलते आहे. माझ्याकडेही वेळ नव्हता, मीही फुकट काम करत होते. सगळ्यांचीच कारणं खरी असतात. त्या माणसाला त्यातलं काही दिसलेलं नव्हतं. त्याला तीन शब्द दिसले होते. मला स्वतःचा जितका राग आला तितका मुख्याध्यापकांचाही कधी आला नव्हता.

त्याच दिवशी मी त्याला लिहिलं. चूक माझी होती, तुमचं काम चांगलं आहे, फोन करा, आपण मिळून बसू. माझा नंबर दिला. उत्तर आलं नाही. आठवड्याने पुन्हा लिहिलं. मग सर म्हणाले, फाईल आहे ना आपल्याकडे, आपणच बसवू. त्याने ती कुणीही वापरावी, सुधारावी म्हणून खुली ठेवली होती. मी फाईल योग्य जागी लावली, राहिलेली माहिती भरली. सर आकडे ऐकत बसले. त्याने सत्तरच्या पुढचे आकडे फार निगुतीने केले होते, एकेक उच्चार जसा बोलतात तसा. तेवढं बघायला माझ्याकडे दोन मिनिटांच्या वर वेळ नव्हता.

ॲड-ऑन त्याच्याच नावाने भांडारात लागला. मी त्याला तेही कळवलं. लोक तो उतरवून घेतात. गोव्यातल्या एका शिक्षिकेने आभाराचा मेल पाठवला, तो मी त्याच्याकडे वळवला.

त्याने एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. का द्यावं?